कोविड-१९ काळातील नाताळचे सेवाकार्य (मुळशी तालुका)

कोविड-१९ महामारीच्या काळात २०२० आणि २०२१ या वर्षांचे नाताळ निर्बंधांखाली साजरे झाले. रोटरी, लायन्स, इनरव्हील, जायंट्स यांसारख्या सेवा क्लबांचे नाताळकालीन मदतकार्य त्यामुळे मुळापासून बदलले. एरवी हे कार्य जमावावर आधारलेले असते. मुलांसाठी मेळावा, वृद्धाश्रमात सहभोजन, सांताक्लॉजच्या वेशातील सदस्य आणि मंचावरून भेटवस्तूंचे वाटप असे त्याचे स्वरूप असते. महामारीत जमाव हाच धोका ठरल्याने समारंभ मागे पडला आणि गरजूच्या दारापर्यंत वस्तू पोहोचवणे हे मुख्य काम उरले. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात माहिती-तंत्रज्ञान संकुले आणि सह्याद्रीतील दुर्गम वाड्या एकाच प्रशासकीय हद्दीत येतात. त्यामुळे अशा मदतकार्याच्या शक्यता आणि मर्यादा या दोन्ही येथे विशेष स्पष्टपणे दिसतात.

सेवा क्लब: स्वरूप आणि इतिहास

व्यावसायिक, उद्योजक व अन्य नागरिकांनी समाजसेवेच्या हेतूने स्थापन केलेल्या, नियमित सभा भरवणाऱ्या आणि सदस्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला सेवा क्लब म्हणतात. या प्रकारातील सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या रोटरीची स्थापना पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे केली. मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये त्याच शहरात लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. इनरव्हील ही महिलांची संघटना १९२४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे सुरू झाली. भारतातील पहिला रोटरी क्लब कोलकात्यात स्थापन झाला व त्याला १९२० मध्ये सनद मिळाली. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये, तर लायन्स १९५६ मध्ये आले. जायंट्स ही संघटना मात्र मूळची मुंबईची असून नाना चुडासामा यांनी ती १९७२ मध्ये स्थापन केली.

रोटरीच्या रचनेत पुणे व रायगड हे महसुली जिल्हे मिळून 'जिल्हा ३१३१' होतो. मुळशी तालुका याच रोटरी जिल्ह्यात मोडतो. रोटरीच्या वार्षिक दिनदर्शिकेत डिसेंबर हा रोगप्रतिबंध व उपचार यांचा महिना मानला जातो. त्यामुळे नाताळचा काळ आणि आरोग्यविषयक उपक्रम यांची सांगड महामारीपूर्वीही होती.

साथरोगाशी सेवा क्लबांचा जुना संबंध पोलिओ निर्मूलनातून आला आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरोधी जागतिक कार्यक्रम सुरू केला. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्त घोषित करण्यात आले. लसीकरणाच्या दिवशी घरोघर जाणे, आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविकांबरोबर काम करणे आणि लसीविषयीच्या शंका दूर करणे यांचा अनुभव क्लबांना या मोहिमेतून मिळाला होता.

नाताळ, दानधर्म आणि साथीचे रोग

'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला आहे. या सणात शेजाऱ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, फराळ देण्याची प्रथा पश्चिम किनारपट्टीवर जुनी आहे. गोव्यात या फराळाच्या देवाणघेवाणीला 'कोन्सुआद' म्हणतात. पाश्चात्त्य देशांत नाताळ हा सार्वजनिक दानाचाही काळ ठरला. साल्व्हेशन आर्मीने १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे रस्त्यावर हंडा ठेवून गरिबांच्या नाताळ-भोजनासाठी पैसे जमवण्यास सुरुवात केली.

नाताळ आणि साथरोग यांना जोडणारा सर्वांत प्रसिद्ध उपक्रम डेन्मार्कमध्ये सुरू झाला. आयनार होलबोल या टपाल कर्मचाऱ्याच्या कल्पनेनुसार १९०४ मध्ये नाताळच्या पत्रांवर लावण्याचे एक शोभेचे तिकीट काढण्यात आले आणि त्याच्या विक्रीतून क्षयग्रस्त मुलांसाठी निधी उभारण्यात आला. पुढे हा उपक्रम अनेक देशांत पसरला. भारतातील क्षयरोग संघटनेने १९५० पासून अशीच तिकिटे काढली. मात्र त्यांच्या विक्रीचा प्रारंभ नाताळाऐवजी २ ऑक्टोबर या गांधी जयंतीच्या दिवशी ठेवला. या तिकिटांचे वैशिष्ट्य असे की देणारा आणि घेणारा यांना एकत्र यावे लागत नसे.

महाराष्ट्रातही साथीच्या काळातील स्वयंसेवेची परंपरा सेवा क्लबांपेक्षा जुनी आहे. पुण्यातील प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णसेवा केली आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये मुंबईत स्थापन झालेली सोशल सर्व्हिस लीग १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीतील मदतकार्यात सहभागी होती. त्या साथीत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. शासकीय यंत्रणा अपुरी पडते तेव्हा ओळखीच्या वस्तीत ओळखीच्या माणसांनी जाणे उपयोगी ठरते, हा त्या काळातील अनुभव शंभर वर्षांनंतरही लागू पडला.

मुळशी तालुका

मुळशी तालुका पुणे शहराच्या पश्चिमेस असून पौड हे त्याचे मुख्यालय आहे. उत्तरेस मावळ, पूर्वेस हवेली, दक्षिणेस राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुका आणि पश्चिमेस सह्याद्रीपलीकडे रायगड जिल्हा अशा त्याच्या सीमा आहेत. पश्चिमेकडील ताम्हिणी घाटाचा परिसर अतिवृष्टीचा आहे. भात हे मुख्य पीक असून आंबेमोहोर तांदळासाठी तालुका ओळखला जातो.

मुळा नदीवर टाटा कंपनीने बांधलेल्या धरणाच्या विरोधात १९२१ मध्ये येथे मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्यामुळे मिळाली. जलाशयाचे पाणी रायगड जिल्ह्यातील भिरा येथील वीजनिर्मिती केंद्राला पुरवले जाते. जलाशयाच्या काठावरील आणि त्यामागील डोंगरातील वाड्या व धनगरवाडे तालुक्याच्या ठिकाणापासून रस्त्याने बरेच दूर पडतात.

तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी येथील राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान संकुल आणि पिरंगुटचा औद्योगिक पट्टा आहे. महामारीच्या प्रारंभी संकुलातील कर्मचारी घरून काम करू लागले. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या खानावळी, चहाच्या टपऱ्या, रिक्षा, घरकाम आणि भाड्याच्या खोल्या यांचे उत्पन्न त्यामुळे घटले. याच पट्ट्यात मोठी आरोग्यसाधनेही उभी राहिली. विप्रो कंपनीने हिंजवडी येथील आपल्या संकुलाचे ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयात रूपांतर केले आणि जून २०२० मध्ये ते शासनाच्या सेवेत आले. लवळे येथील सिंबायोसिस विद्यापीठाचे रुग्णालयही कोविड रुग्णांसाठी वापरण्यात आले.

पश्चिम भागातील स्थिती निराळी होती. येथील कातकरी समाजाची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. बहुतांश कुटुंबांकडे जमीन नाही. भाताची कापणी संपल्यावर अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. नाताळचा काळ नेमका या स्थलांतराच्या हंगामात येतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये वाडीवर जाणाऱ्या मदत पथकाला तेथे मुख्यतः वृद्ध भेटण्याची, तर कामकरी कुटुंबे व त्यांची मुले भट्टीवर असण्याची शक्यता अधिक असते. भट्टीवरील कुटुंबाची शिधापत्रिका मूळ गावची असल्याने तेथील रास्त भाव दुकानातून धान्य घेणेही त्यांना अवघड जाते.

२०२० चा नाताळ

महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पुणे परिसरातील पहिली लाट सप्टेंबरमध्ये शिखराला पोहोचून नंतर ओसरू लागली. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, पुन्हा उघडली. नाताळ जवळ येत असतानाच ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्याने तेथून येणारी विमाने २२ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून थांबवण्यात आली. राज्यातील महानगरपालिका क्षेत्रांत २२ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात रात्री ११ ते सकाळी ६ अशी संचारबंदी लावण्यात आली.

राज्य शासनाने नाताळ साधेपणाने साजरा करण्याच्या सूचना दिल्या. चर्चमधील प्रार्थनेस जास्तीत जास्त ५० व्यक्तींची मर्यादा घालण्यात आली. साठ वर्षांवरील नागरिक व दहा वर्षांखालील मुलांनी घरीच सण साजरा करावा, असे आवाहन करण्यात आले. सेवा क्लबांच्या नाताळ-उपक्रमांचा रोख नेहमी याच दोन वयोगटांकडे असतो. अनाथालये, वसतिगृहे व वृद्धाश्रम बाहेरच्या पाहुण्यांसाठी बंद असल्याने परंपरागत कार्यक्रम जवळजवळ अशक्य झाले.

हा नाताळ शासकीय मदतीच्या दृष्टीनेही आडवेळेचा होता. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून एप्रिल ते नोव्हेंबर २०२० या काळात प्रत्येक पात्र व्यक्तीला दरमहा ५ किलो अतिरिक्त धान्य मोफत मिळत होते. नोव्हेंबरअखेर हे वाटप थांबले आणि दुसऱ्या लाटेत मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. डिसेंबरमध्ये नियमित सवलतीचे धान्य मिळत असले, तरी अतिरिक्त धान्य बंद होते. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याने खावटी अनुदान योजनेखाली प्रतिकुटुंब ४,००० रुपयांची मदत २०२० मध्ये मंजूर केली होती. तिचा निम्मा भाग रोख आणि निम्मा वस्तुरूपात द्यायचा होता. वस्तूंचे वाटप बहुतांश ठिकाणी २०२१ मध्ये झाले. शिवभोजन थाळी ५ रुपयांत मिळत होती, परंतु तिची केंद्रे मुख्यतः शहरांत व तालुक्याच्या ठिकाणी होती.

शाळांची स्थितीही अशीच होती. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले, तर पाचवी ते आठवीचे वर्ग बहुतेक ठिकाणी २७ जानेवारी २०२१ नंतर उघडले. नाताळात प्राथमिक शाळेतील मुले घरीच होती आणि स्मार्टफोन व नेटवर्क नसलेल्या वाड्यांत शिक्षण जवळपास थांबले होते.

मदतीचे स्वरूप

महामारीच्या काळात सेवा क्लबांनी दिलेल्या मदतीचे साधारणतः चार प्रकार आढळतात.

शिधा: तांदूळ, पीठ, डाळ, तेल, साखर, चहा, मीठ, तिखट आणि साबण यांचा एका कुटुंबाला काही आठवडे पुरेल असा संच दिला जाई. नाताळात त्यात केक किंवा मिठाईची भर पडे. संच आधी बांधून ठेवल्याने वाटपाच्या ठिकाणी थांबण्याचा वेळ कमी होई.

थंडीपासून संरक्षण: सह्याद्रीच्या पायथ्याला डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो. कुडाच्या घरांत व भट्टीवरील तात्पुरत्या झोपड्यांत राहणाऱ्यांसाठी ब्लँकेट, स्वेटर व कानटोप्या ही हंगामी गरज असते. अशा वस्तूंचे वाटप महामारीपूर्वीपासून सेवा क्लबांच्या हिवाळी उपक्रमांचा भाग होते.

आरोग्यसाधने: मास्क, जंतुनाशक, तापमापक, ऑक्सिमीटर आणि वैयक्तिक सुरक्षेचे पोशाख क्लबांनी आरोग्य केंद्रांना व आघाडीवरील कर्मचाऱ्यांना दिले. राज्यात १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात राबवलेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरच्या तपासणीसाठी ऑक्सिमीटर व तापमापक ही मूलभूत साधने होती. पाण्याची टंचाई असलेल्या वस्तीत केवळ साबण देणे पुरेसे नसल्याने पायाने चालणारी हात धुण्याची साधनेही बसवण्यात आली.

शिक्षणसाहित्य: वह्या, स्वाध्याय पुस्तिका आणि जुने पण चालू स्थितीतील मोबाइल संच मुलांना देण्यात आले. खेळण्यांच्या तुलनेत या वस्तूंना अग्रक्रम मिळणे हे महामारीतील नाताळ-भेटींचे एक वैशिष्ट्य होते.

वाटपाची पद्धतही बदलली. गावातील सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडून आधी कुटुंबांची यादी घेतली जाई. नंतर दोन-तीन सदस्य वाहनाने जाऊन संच त्यांच्याकडे सोपवत किंवा प्रत्येक उंबऱ्यावर ठेवत. क्लबांच्या साप्ताहिक सभा दूरदृश्य प्रणालीवर होऊ लागल्याने सभागृह व भोजनाचा खर्च वाचला आणि काही ठिकाणी तो मदतकार्याकडे वळवण्यात आला.

निधी आणि कायदेशीर चौकट

सेवा क्लबांचे स्थानिक उपक्रम मुख्यतः सदस्यांच्या वर्गणीतून व देणग्यांतून होतात. क्लब किंवा त्यांचे न्यास सामान्यतः महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणीकृत असतात आणि आयकर कायद्याखाली मान्यता असल्यास देणगीदाराला करसवलत मिळते. मोठ्या प्रकल्पांसाठी रोटरी फाउंडेशनचे जागतिक अनुदान उपलब्ध असते. त्यासाठी किमान ३०,००० अमेरिकी डॉलरचा प्रकल्प आणि परदेशातील भागीदार क्लब आवश्यक असल्याने तातडीच्या शिधावाटपाला ते सोयीचे नसते. आपत्तीसाठी असलेली लहान अनुदाने अधिक लवकर मिळतात.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते. कोविडसंबंधी खर्च यात धरला जाईल, असे केंद्र शासनाने २३ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले. हिंजवडी व पिरंगुट परिसरातील कंपन्यांमुळे मुळशीच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होती. दुसरीकडे, सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली. दुर्गम भागात प्रत्यक्ष काम करणाऱ्या, परंतु स्वतः असा निधी थेट न मिळवू शकणाऱ्या लहान संस्थांना याचा फटका बसला. त्यांच्यासाठी स्थानिक क्लबांची वस्तुरूप मदत अधिक महत्त्वाची ठरली.

दुसरी लाट आणि २०२१ चा नाताळ

फेब्रुवारी २०२१ पासून पुणे जिल्ह्यात रुग्णसंख्या पुन्हा वाढली आणि एप्रिलमध्ये ऑक्सिजनचा तुटवडा निर्माण झाला. या काळात मराठा चेंबर ऑफ कॉमर्सच्या पुढाकाराने चाललेल्या पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्स या व्यासपीठाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर व व्हेंटिलेटर मिळवून रुग्णालयांना दिले. सेवा क्लबांनीही कॉन्सन्ट्रेटर घेऊन ते रुग्णांना तात्पुरते वापरण्यास देणे, रक्तदान व प्लाझ्मादानाचे आयोजन करणे अशी कामे केली.

१६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेले लसीकरण वर्षअखेरपर्यंत प्रौढांमध्ये बऱ्याच प्रमाणात पोहोचले होते. ऑनलाइन नोंदणी ही दुर्गम भागातील प्रारंभीची अडचण होती. नोंदणीस मदत करणे व लसीकरण केंद्रापर्यंत वाहन पुरवणे हे क्लबांच्या कामाचे नवे अंग ठरले. डिसेंबरच्या प्रारंभी ओमायक्रॉन प्रकाराचे रुग्ण डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि पुणे येथे आढळले. २४ डिसेंबर २०२१ रोजी राज्याने पुन्हा निर्बंध जाहीर केले. त्यानुसार सार्वजनिक ठिकाणी रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत पाचपेक्षा अधिक व्यक्तींनी एकत्र येण्यास मनाई होती. दिवसा मर्यादित उपस्थितीत कार्यक्रम शक्य असले, तरी घरपोच वाटपाची पद्धत अनेक क्लबांनी या वर्षीही चालू ठेवली. याच वर्षी कोलकात्याचे शेखर मेहता रोटरीचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष होते.

मर्यादा आणि टीका

महामारीतील मदतकार्यावर झालेल्या टीकेत छायाचित्रणाचा मुद्दा प्रमुख होता. मदत घेणाऱ्याचा चेहरा समाजमाध्यमांवर दाखवणे त्याच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, असा आक्षेप घेतला गेला. राजस्थान शासनाने एप्रिल २०२० मध्ये अन्नवाटपाच्या वेळी छायाचित्रे काढण्यास बंदी घातली होती. दुसऱ्या बाजूने, देणगीदारांना व मूळ संघटनेला खर्चाचा पुरावा द्यावा लागत असल्याने छायाचित्र पूर्णतः टाळता येत नाही, अशी क्लबांची अडचण असते. वस्तूंची किंवा बंद दारासमोर ठेवलेल्या संचांची छायाचित्रे घेणे हा यावरील एक मध्यम मार्ग आहे.

दुसरी मर्यादा वितरणातील असमतोलाची आहे. मोठ्या रस्त्यालगतच्या वस्तीला एकाहून अधिक संस्थांकडून मदत मिळणे आणि आतील वाडी वगळली जाणे हा प्रकार आपत्तीकाळात वारंवार घडतो. मुळशीत जलाशयामागील वाड्या आणि नोंद नसलेली वीटभट्टीवरील कुटुंबे या दोहोंना हा धोका अधिक होता. तिसरा आक्षेप असा की सणापुरती मदत ही उचल, भूमिहीनता व स्थलांतर या मूळ कारणांना स्पर्श करत नाही. एका संचातून कुटुंबाचे काही आठवडे निभावले, तरी उचलीचे ऋण तसेच राहते. जातीचा दाखला, शिधापत्रिका व बँक खाते मिळवून देण्याचे काम दिसायला लहान असले, तरी त्याने शासकीय योजनांचा लाभ दरवर्षी मिळू शकतो. त्यामुळे अशा कामाला भेटवस्तूंपेक्षा अधिक महत्त्व द्यावे, असे मत आदिवासींमध्ये काम करणारे कार्यकर्ते मांडतात.

महत्त्व

बहुसंख्य ख्रिस्तेतर सदस्य असलेल्या क्लबांनी नाताळचे निमित्त साधून मदतकार्य करणे ही महाराष्ट्रातील नागरी जीवनाची परिचित बाब आहे. महामारीत या निमित्तातील उत्सवाचा भाग गळून पडला आणि कोणाला, कोठे व कधी काय हवे आहे हा प्रश्न मध्यभागी आला. २०२० च्या डिसेंबरमध्ये अतिरिक्त धान्य थांबलेले असताना, शाळा बंद असताना आणि अनेक कुटुंबे भट्टीवर असताना मुळशीच्या पश्चिम भागात या प्रश्नाचे उत्तर सांताक्लॉजच्या पोतडीपेक्षा आशा कार्यकर्तीच्या यादीत अधिक अचूक मिळत होते. निर्बंध उठल्यानंतर क्लबांचे मेळावे पूर्ववत सुरू झाले. स्थानिक यादीवर आधारलेले घरपोच वाटप आणि आरोग्य कर्मचाऱ्यांशी जोडलेले काम हा मात्र त्या दोन नाताळांचा पुढील आपत्तींसाठी उपयुक्त ठरणारा वारसा आहे.